वेबसाइटचं बिऱ्हाड : फुकटच्या जागेचा इतिहास



आपल्या सोलापूर जिल्ह्यात गटांच्या मालाची पाकिटं आता दुकानाच्या मालासारखी दिसायला लागली आहेत. शेंगाचटणी असो, कडक भाकरी असो, की मंगळवेढ्याच्या ज्वारीचं पीठ. पाकिटावर गटाचं नाव असतं, गाव असतं, फोन नंबर असतो. काही गटांच्या पाकिटावर त्याखाली वेबसाइटचा पत्ताही असतो, नाहीतर तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक तो चौकोन मोबाइलसमोर धरतं आणि गटाचं पान उघडतं. त्यावर बायांचे फोटो, मालाची यादी, भाव, गटाची माहिती.

हे पान कुठं राहतं? कुणाच्या जागेत राहतं? आणि त्या जागेच्या मालकानं उद्या सांगितलं, ‘बिऱ्हाड हलवा,’ तर काय करायचं? आजच्या बोलण्याचा विषय हाच आहे. नुसते उपाय सांगून भागणार नाही, म्हणून आधी इतिहास सांगते. कारण ही वेळ जगात पुष्कळांवर येऊन गेली आहे. कोण तरलं आणि कुणाचं वाहून गेलं, ते पाहिलं की आपण काय करायचं ते आपोआप कळेल.

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. वेबसाइट म्हणजे काही हवेतली वस्तू नाही. ती फायलींची थप्पी असते. मजकुराच्या फायली आणि फोटोंच्या फायली. ही थप्पी अशा एका कॉम्प्युटरवर ठेवावी लागते, जो रात्रंदिवस चालू असतो आणि जगाशी जोडलेला असतो. कुणी पत्ता टाकला की तो कॉम्प्युटर त्यातली फाईल काढून समोरच्या मोबाइलवर पाठवतो. अशा कॉम्प्युटरला सर्व्हर म्हणतात. म्हणजे पान आपलं, पण ज्या मांडणीवर ते ठेवलंय ती मांडणी बहुतेक वेळा दुसऱ्याची.

जगातलं पहिलं पान मात्र करणाऱ्याच्या स्वतःच्या मांडणीवर होतं. टिम बर्नर्स-ली नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत काम करत होते. त्यांनी वेब तयार केलं आणि १९९१ साली ते बाहेरच्या जगासाठी खुलं झालं. ते पान त्यांच्या कामाच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर होतं. कॉम्प्युटरवर त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली होती : हा सर्व्हर आहे, बंद करू नका. कुणी बटण दाबलं असतं तर त्या काळचं सगळं वेबच बंद पडलं असतं! ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं जाहीर केलं, की वेबची ही रीत कुणीही वापरावी, त्याचे पैसे लागणार नाहीत. आज आपण जे फुकट वापरतो त्याच्या मुळाशी हा निर्णय आहे.

पण गंमत पाहा. पुढं २०१३ साली सर्नला वाटलं, की ते पहिलं पान त्याच्या जुन्या पत्त्यावर पुन्हा उभं करावं. तेव्हा त्यांनी जी नक्कल उभी केली ती १९९२ सालची होती. पान वेळोवेळी बदलत गेलं आणि प्रत्येक बदलाआधी नक्कल काढून ठेवायचं त्या वेळी कुणाच्या मनात आलं नाही. एवढी मोठी संस्था, एवढे विद्वान लोक, आणि जगातल्या पहिल्या पानाची ही गत. मग आपल्या गटाच्या पानाची काळजी आपण नको का करायला?

आपल्याकडं सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीनं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा मोठ्या शहरांतून सुरुवात केली. फोनच्या तारेवरून जोडायचं, तासांवर पैसे भरायचे, शिवाय फोनचं बिल वेगळं. अशा काळात स्वतःचा सर्व्हर ठेवणं कुणाला परवडणार? म्हणून लोक फुकटची जागा शोधू लागले, आणि ती देणारेही निघाले.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव जिओसिटीज. १९९४ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात ही कंपनी निघाली. तिची कल्पना आपल्याला सहज कळेल अशी होती. आपल्या सोलापुरात जशी नवी पेठ, साखर पेठ, मंगळवार पेठ, तशा तिनं इंटरनेटवर पेठा पाडल्या. सिनेमावाल्यांची पेठ वेगळी, कॉम्प्युटरवाल्यांची वेगळी. आपल्या आवडीच्या पेठेत जायचं, रिकामा घरनंबर निवडायचा आणि त्या जागी आपलं पान थाटायचं. पैसे नाहीत. कंपनी पानांवर जाहिराती दाखवायची आणि त्यातून कमवायची. कुणी आपल्या गावाची माहिती लिहिली, कुणी घरच्यांचे फोटो लावले, कुणी देवाची स्तोत्रं टाइप करून ठेवली. भारतातल्या आणि परदेशी गेलेल्या भारतीयांनीही तिथं पानं केली. ज्यांचं लिहिलेलं कुणी कधी छापलं नसतं, अशांना पहिल्यांदा जगासमोर जागा मिळाली. हे फुकट जागेचं मोठं देणं आहे, ते विसरून चालणार नाही.

१९९९ साली याहू कंपनीनं जिओसिटीज विकत घेतली, साडेतीन अब्ज डॉलरपेक्षा जास्त किंमत देऊन. विचार करा, ही किंमत कशाची होती? लोकांनी फुकट लिहिलेल्या पानांची आणि ती बघायला येणाऱ्या माणसांची. मालक बदलला तशा अटीही बदलल्या. त्याच वर्षी याहूनं नवी अट आणली. तिचा अर्थ असा निघत होता, की तुम्ही इथं ठेवलेला मजकूर आणि चित्रं आम्हाला हवी तशी वापरता येतील. लोक चिडले. कित्येकांनी पानं काढून घेतली, निषेध केला. शेवटी याहूला ती अट सौम्य करावी लागली. हा पहिला धडा : बोलणाऱ्या एकट्याचं कुणी ऐकत नाही, पण सगळे मिळून बोलले की मोठ्या कंपनीलाही नमतं घ्यावं लागतं. गटातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको.

पण दुसरा धडा याहून कडू. एप्रिल २००९ मध्ये याहूनं जाहीर केलं, की आम्ही जिओसिटीज बंद करतोय. आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी ती बंद झाली. कोट्यवधी पानं होती. मधल्या सहा महिन्यांत ज्यांना कळलं त्यांनी आपलं बिऱ्हाड हलवलं. ज्यांचा जुना ईमेल बंद पडला होता, जे पासवर्ड विसरले होते, जे पान करून देवाघरी गेले होते, त्यांचं कोण हलवणार? काही स्वयंसेवक पुढं आले. आर्काइव्ह टीम नावाचा त्यांचा गट. त्यांनी रात्रंदिवस कॉम्प्युटर चालवून मिळतील तेवढी पानं उतरवून घेतली. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतली संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या नकला साठवते, तिनंही काही वाचवली. जे वाचलं ते अशा लोकांमुळं वाचलं. बाकीचं गेलं.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली, आता क्लाउड आलंय. तर त्या क्लाउडचाही इतिहास ऐका.

क्लाउड म्हणजे ढग. पण फायली काही ढगात जात नाहीत. त्या मोठमोठ्या कंपन्यांच्या इमारतींत, हजारो कॉम्प्युटरांवर ठेवलेल्या असतात. आपल्याला जागा नेमकी कुठं ते बघावं लागत नाही, म्हणून ढग म्हणायचं, एवढंच. अमेझॉन कंपनीनं २००६ साली अशी साठवणीची जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि २०११ पासून त्या साठवणीतूनच थेट वेबसाइट दाखवायची सोय केली. २०१६ साली अमेझॉननं आणि २०१७ साली गुगलनं आपली अशी केंद्रं मुंबईत सुरू केली. म्हणजे आता हा ढग आपल्या महाराष्ट्रातही उतरलाय.

साठवणीतून वेबसाइट चालवायची म्हणजे काय, हे घरातल्या उदाहरणानं सांगते. काही वेबसाइटना चूल पेटलेली लागते. गिऱ्हाईक मागणी नोंदवतं, पैसे भरतं, पावती निघते, म्हणजे तिथं दर वेळी नवं काहीतरी शिजतं. अशा साइटला नुसती साठवण पुरत नाही. पण काही वेबसाइट शिदोरीसारख्या असतात. पान एकदा तयार केलं, बांधून ठेवलं. येईल त्याला तेच द्यायचं. गटाची माहिती, मालाची यादी, फोटो, फोन नंबर. अशा साइटला चूल लागत नाही, मांडणीवर जागा मिळाली की झालं. आपल्या बहुतेक गटांची पानं शिदोरीसारखीच असतात. म्हणून ती फुकटच्या साठवणीत राहू शकतात, आणि म्हणूनच ती हलवणंही सोपं असतं. थप्पी उचलायची, दुसऱ्या मांडणीवर ठेवायची.

लोकांच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यांनी घरगुती साठवणीचाच उपयोग करायला सुरुवात केली. ड्रॉपबॉक्स नावाची सेवा २००८ साली सगळ्यांसाठी सुरू झाली. तिच्यात ‘पब्लिक’ नावाचा कप्पा असायचा. त्यात पानाची फाईल टाकली की ती वेबसाइटसारखी उघडायची. पैसे नाहीत, खटपट नाही. कितीतरी विद्यार्थ्यांनी आणि छोट्या संस्थांनी आपली पानं तिथं नेली. पुढं गुगल ड्राइव्हनंही अशीच सोय दिली. कप्पा सगळ्यांसाठी खुला करायचा, की झाली वेबसाइट.

मग काय झालं? गुगलनं २०१५ साली सांगितलं, की ही सोय वर्षभरानं बंद होईल, आणि ३१ ऑगस्ट २०१६ रोजी ती बंद झाली. ड्रॉपबॉक्सनं त्याच वर्षी ऑक्टोबरपासून फुकट खात्यातली पानं वेबसाइट म्हणून उघडणं थांबवलं. १५ मार्च २०१७ रोजी फुकट खात्यातला तो पब्लिक कप्पाच बंद केला. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये पैसे भरणाऱ्यांचाही बंद झाला. फायली गेल्या नाहीत, त्या खात्यात सुरक्षित होत्या. पण ज्या पत्त्यावर लोक यायचे तो पत्ता मेला. म्हणजे घरात सामान आहे तसंच आहे, फक्त दार भिंतीनं बुजवलंय!

गुगलचंच आणखी एक सांगते. २००६ साली गुगलनं ‘पेज क्रिएटर’ नावाची फुकट सोय काढली. दोन-तीन वर्षांत ती आवरली आणि लोकांना ‘गुगल साइट्स’मध्ये हलवलं. पुढं जुनं साइट्स बंद करून नव्या साइट्सकडं नेलं. एकाच मालकाच्या वाड्यात दोन वेळा खोली बदलली. यात कुणी फसवलं असं मला म्हणायचं नाही. आधी कळवलं होतं, मुदत दिली होती. फुकट जागा देणाऱ्याला ती परवडेनाशी झाली, की तो आवरतो. त्याचा तो हक्कच आहे. भाडंच नाही, तर भाडेकरू तरी कशाच्या जोरावर भांडणार?

बिऱ्हाड हलवणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. भीमेवर उजनीचं धरण बांधलं गेलं, १९८० साली पुरं झालं, आणि करमाळा, माढा, इंदापूर या भागांतली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली. माणसांनी भांडी, धान्य, गुरं, घराच्या तुळया, दारं-खिडक्या, काय नेता येईल ते नेलं. पळसदेवचं जुनं देऊळ नेता आलं नाही. ते दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी ओसरलं की आजही वर येतं आणि लोक ते बघायला जातात. पण उठलेल्या गावांनी एक गोष्ट हमखास सोबत नेली, ती म्हणजे गावाचं नाव. माळरानावर नवी घरं झाली, पण गावाचं नाव तेच राहिलं. त्यामुळं सोयरे वाट चुकले नाहीत आणि टपाल पोचत राहिलं. नाव आपल्या हातात असलं, की जागा बदलली तरी माणूस हरवत नाही. वेबसाइटच्या बाबतीत अगदी हेच खरं आहे, ते पुढं सांगते.

पण नाव आणि सामान दोन्ही नीट जपून, एका जागेतून दुसऱ्या जागेत नेत नेत एवढा मोठा ठेवा वाचवल्याचं उदाहरण आपल्या मराठीतच आहे, आणि तेही बायांच्याच ठेव्याचं. ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथंच राहून भारतीय नागरिक झालेले गी पॉइत्वाँ, या दोघांनी १९८०च्या दशकात खेड्यापाड्यांतल्या बायांकडून ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या गरीब बायांच्या संघटनेच्या कामातून हे सुरू झालं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ओवी मात्र बायांच्या ओठांत होती. ती ओठांतून कागदावर आली नसती, तर म्हाताऱ्या माणसांबरोबर गेली असती. हळूहळू एक हजाराहून जास्त गावांतल्या बायांच्या एक लाख दहा हजारांहून जास्त ओव्या जमल्या.

आता बघा या ओव्यांचं बिऱ्हाड किती वेळा हललं. ओठांतून त्या कागदावर आल्या. हातानं लिहिलेल्या ओव्यांचे विषय पाडले, प्रत्येकीचं गाव, तालुका, गाणारीचं नाव नोंदवलं. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रान्समधले संगीत आणि कॉम्प्युटर दोन्ही जाणणारे अभ्यासक या कामात आले. मग ओव्या कॉम्प्युटरवर चढल्या आणि बायांचे आवाज टेपवर नोंदवले गेले. बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या अशाच १९९६ साली नोंदवल्या गेल्या. हे आवाज गुरुग्रामच्या आर्काइव्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी या संस्थेत जपून ठेवले गेले. बेल यांनी ओव्यांचा कॉम्प्युटरवरचा साठा वेबवर सांभाळला.

२००४ साली पॉइत्वाँ गेले, २०१० साली हेमाताई गेल्या. ज्यांनी जमवलं तेच गेले, की बहुतेक ठेवे इथंच संपतात. कागद माळ्यावर जातात आणि कॉम्प्युटर भंगारात. पण इथं तसं झालं नाही. कारण ठेवा एकाच माणसाच्या एकाच कपाटात नव्हता. कागद होते, टेप होत्या, कॉम्प्युटरची नक्कल होती, आणि त्या कामात घडलेली माणसं होती. पी. साईनाथ यांनी २०१४ साली ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया सुरू केलं होतं. २०१७च्या मार्चमध्ये त्या परीच्या वेबसाइटवर या ओव्या लोकांसमोर यायला लागल्या. जुनी मंडळी सोबत होतीच. ते लोक नुसत्या फायली हलवून थांबले नाहीत. गावोगाव पुन्हा गेले, गाणाऱ्या बायांना भेटले, काहींचे व्हिडिओ केले, फोटो काढले. ज्यांना कुणी कधी कवयित्री म्हटलं नव्हतं, त्यांच्या ओव्या त्यांच्या नावासकट, गावासकट आज जगात कुठूनही ऐकता येतात.

मला या गोष्टीत महत्त्वाचं काय वाटतं ते सांगते. ओव्या वाचल्या, त्या काही जागा महागडी होती म्हणून नाही, आणि फुकट होती म्हणूनही नाही. त्या वाचल्या, कारण प्रत्येक जागेची मुदत संपायच्या आत कुणीतरी त्या पुढच्या जागेत नेल्या, आणि नेताना जुनी नक्कल फेकून दिली नाही. आपल्यात म्हण आहे ना, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एरवी ही म्हण आपण ज्याला घरदार नाही त्याच्याबद्दल म्हणतो. पण इंटरनेटच्या जगात ज्याचं बिऱ्हाड पाठीवर तोच सुखी. मालकानं कधीही उठ म्हणावं, त्याची तयारी असते.

आता आपल्या गटाकडं वळू. आज फुकटच्या जागा पुष्कळ आहेत. गिटहब पेजेस नावाची सोय २००८ पासून आहे. तिथं एक जीबीपर्यंतची साइट ठेवता येते, आणि आपल्यासारख्या छोट्या पानाला ती भरपूर झाली. क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय अशाही जागा आहेत. त्या जरूर वापराव्यात. फुकट आहे म्हणून वाईट, असं मुळीच नाही. गटाच्या पैशाला वाटा फुटायला नकोत. पण चार गोष्टी आपल्या हातात ठेवाव्यात.

पहिली, नाव. फुकट जागा देणारी कंपनी जो पत्ता देते त्यात तिचं नाव असतं. तिची जागा सोडली की तो पत्ता संपला. पाकिटं छापून झालेली असतात, क्यूआर कोड सगळीकडं गेलेला असतो आणि तो कुठंच उघडत नाही. गिऱ्हाईक समजतं, गट बंद पडला. म्हणून आपल्या गटाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावानं स्वतःचं डोमेन घ्यावं. डॉट इन या शेवटाचं नाव वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. २०१४ पासून तर देवनागरीत, डॉट भारत असंही नाव घेता येतं. पाकिटावर हेच नाव छापायचं. जागा फुकटची, पण नाव विकतचं आणि आपलं. उठलेल्या गावासारखं ते सोबत न्यायचं. आणि दर वर्षी त्याचे पैसे वेळेत भरायचे. नाही भरले तर मुदतीनंतर तेच नाव दुसरा कुणी घेऊ शकतो.

दुसरी, नक्कल. साइटच्या सगळ्या फायली दोन पेन ड्राइव्हवर उतरवून दोन वेगळ्या घरी ठेवायच्या. एक अध्यक्षांकडं, एक सचिवांकडं. पानात बदल केला की नक्कलही बदलायची. मोठे मूळ फोटो, बायांच्या गाण्यांची नोंद, गटाच्या सुरुवातीच्या काळातली छायाचित्रं, हे तर नक्कीच. क्लाउड ही आपली नक्कल नव्हे, ती आपली मांडणी आहे. नक्कल घरात असते.

तिसरी, किल्ली. पान बहुतेक वेळा कुणाचा तरी शिकलेला मुलगा किंवा कॉलेजला जाणारी भाची करून देते. त्यांच्या ईमेलवर खातं, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. मुलाला नोकरी लागते, भाचीचं लग्न होतं, नंबर बदलतो, आणि किल्ली हरवते. गुगलनं २०२३ साली नियम केला, की दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं ते पुसून टाकू शकतात. म्हणजे विसरलेलं खातं आपोआप जाऊ शकतं. बँकेच्या खात्यावर आपण एकटीची सही चालू देत नाही. मग वेबसाइटची किल्ली एकाच्याच खिशात का? गटाच्या नावानं ईमेल काढावा, तो कुणाकुणाच्या हाती आहे याचा बैठकीत ठराव करावा, पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलून नव्यांच्या हाती द्यावा. पंचसूत्रीत आपण नियमित लेखे ठेवायला शिकलो. हाही त्या लेख्यांचाच भाग धरावा.

चौथी गोष्ट, उघडं काय ठेवायचं आणि काय नाही. साइटसाठी खुला केलेला कप्पा म्हणजे चावडी. त्यात टाकलेलं जगातला कुणीही बघू शकतो. त्यामुळं आधार कार्डाचे फोटो, पासबुकाची पानं, कुणी किती कर्ज घेतलं त्याच्या याद्या त्या कप्प्यात चुकूनही ठेवू नयेत. आणि ज्या फुकट सेवेत खातं उघडताना बँकेचं कार्ड मागतात, तिथं थांबावं. किती दिवस फुकट, किती जागेपर्यंत फुकट, त्यानंतर पैसे आपोआप कापले जातील का, हे समजून घेतल्याशिवाय कार्डाचा नंबर द्यायचा नाही.

आणि प्रत्यक्ष हलवायची वेळ आली तर क्रम चुकवायचा नाही. आधी नक्कल काढा. मग नव्या जागेत फायली ठेवा. तिथं प्रत्येक पान, प्रत्येक फोटो, मराठी अक्षरं नीट दिसतात का ते दोन-तीन वेगवेगळ्या मोबाइलवर बघा. मग आपल्या नावाची नोंद नव्या जागेकडं वळवा. हा बदल सगळीकडं पोचायला काही तास, कधी एक-दोन दिवसही लागतात. जुनी जागा लगेच सोडू नका, महिनाभर तशीच राहू द्या. नव्या घराला छप्पर पडल्याशिवाय जुन्या घराची तुळई काढत नाहीत, तसंच.

पुढच्या बैठकीत हजेरी आणि बचत झाली की तीनच प्रश्न विचारा. आपल्या पानाचं नाव कुणाच्या नावावर आहे? नक्कल कुठं आहे? किल्ली कुणाकडं आहे? तिन्हींची उत्तरं मिळाली तर निर्धास्त राहा. एखादं मिळालं नाही, तर तुमच्या सीआरपी ताईंना किंवा गावातल्या कॉम्प्युटर जाणणाऱ्या मुलीला बोलवा आणि त्याच आठवड्यात ते काम उरकून घ्या. जागेच्या मालकाची नोटीस येईपर्यंत थांबू नका.

आपल्या आज्यांनी ओव्या ओठांवर जपल्या, तेव्हा त्यांच्याकडं कागदसुद्धा नव्हता. आपल्या हातात आज एवढी साधनं आहेत. आपण केलेलं, लिहिलेलं, गायलेलं आपल्या लेकीसुनांपर्यंत पोचवणं हे आता आपलं काम.